टीव्हीवरचं एकच बटण आणि ३० दिवस: अमेरिकेत सक्तीच्या लवादातून बाहेर कसं पडायचं

मागच्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत आली होती. एका संध्याकाळी मी कणीक मळत होते, तेव्हा तिने बाहेरून हाक मारली, "अगं, टीव्ही काहीतरी वाचायला सांगतोय." मी हात धुऊन जाईपर्यंत तिने रिमोटवरचं ओके दाबलं होतं. पडद्यावर बारीक अक्षरांचा मजकूर आला होता आणि त्याखाली एकच बटण होतं, ‘अ‍ॅग्री’. ‘नको’ म्हणायला बटण नव्हतं, ‘नंतर बघू’ म्हणायलाही नव्हतं. बॅक दाबलं, होम दाबलं, काहीच हललं नाही, असं ती म्हणाली. मग विचारलं, "मी काही चुकीचं केलं का गं?"

तिने काही चुकीचं केलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पूर्ण पैसे मोजून घेतलेला टीव्ही एका रात्रीत म्हणू लागला होता की आमच्या नव्या अटी माना, नाहीतर मी चालणार नाही. त्या रात्री कंपनीच्या साइटवर जाऊन मी त्या अटी वाचल्या. मूळ मुद्दा बऱ्याच खाली होता: यापुढे काही तक्रार असेल तर कोर्टात जायचं नाही, खासगी लवादाकडे, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा करणाऱ्या खासगी माणसाकडे जायचं, आणि तेही एकट्याने. त्याच्याही खाली एक वाक्य होतं की हे मान्य नसेल तर ३० दिवसांच्या आत टपालाने लेखी कळवा. मान्य करायला एक बटण पुरतं आणि नाकारायला पत्र, पावती आणि टपाल लागतं, याची मला फार चीड आली. ती अजून गेलेली नाही. पण चिडून बसण्यात ते ३० दिवस निघून जातात. म्हणून मी काय केलं आणि त्यानंतर काय शिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. हे सगळं अमेरिकेतल्या खरेदीबद्दल आहे.

आधी हे कलम कुठून आलं ते बघू

अमेरिकेत १९२५ साली ‘फेडरल आर्बिट्रेशन अ‍ॅक्ट’ झाला. लवादाचा करार झाला असेल तर कोर्टाने तो इतर कुठल्याही करारासारखा पाळायला लावावा, एवढाच त्याचा गाभा. पुढे हा कायदा ग्राहकांच्या छापील अटींनाही लागू होत गेला. खरा फटका बसला २०११ मध्ये. एका जोडप्याला ‘फुकट’ म्हणून जाहिरात केलेल्या फोनवर विक्रीकराचे ३०.२२ डॉलर लावले गेले होते, आणि त्यांनी कंपनीविरुद्ध इतर ग्राहकांच्याही वतीने सामूहिक दावा लावला होता. कॅलिफोर्नियाच्या कोर्टांचं म्हणणं असं होतं की अशा छोट्या रकमांच्या बाबतीत सामूहिक दाव्यावर बंदी घालणारं कलम अन्यायकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ‘एटी अँड टी मोबिलिटी विरुद्ध कॉन्सेप्शियॉन’ या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी राज्याचा तो नियम मोडीत काढला.

तीस डॉलरसाठी एकटा माणूस वकील करत नाही. लाखो लोकांचे तीस-तीस डॉलर मात्र मोठी रक्कम होते, आणि ती परत मिळवायचा मार्ग म्हणजे सामूहिक दावा. तो बंद झाल्यावर छोट्या लुबाडणुकीला जाब विचारणारं फारसं कुणी उरत नाही. म्हणून ‘लवाद’ या शब्दापेक्षा मला ‘क्लास अ‍ॅक्शन वेव्हर’, म्हणजे सामूहिक दाव्याचा हक्क सोडून देणं, हे शब्द जास्त टोचतात. अटींमध्ये ही दोन्ही कलमं जवळपास नेहमीच हातात हात घालून येतात.

लवादात आणखी काय जातं? ज्युरी जाते. समोरच्याकडून कागदपत्रं मागण्याचा अधिकार आकसतो. निकाल चुकला तरी अपील जवळजवळ नसतं. कोर्ट लवादाचा निकाल रद्द करतं ते भ्रष्टाचार, उघड पक्षपात, अधिकाराबाहेर जाणं अशा मोजक्या कारणांवरच. दुसरी बाजूही सांगते. आपली तक्रार फक्त आपली असेल, म्हणजे एक बिघडलेलं यंत्र, एक नाकारलेला परतावा, तर लवाद दर वेळी वाईटच असतो असं नाही. तो दिवाणी कोर्टापेक्षा लवकर उरकू शकतो आणि बहुतेक खर्च कंपनीवर पडतो. माझी तक्रार सक्तीबद्दल आहे.

पाटी आली की लगेच काय करायचं

बटण दाबायच्या आधी फोन काढा आणि पडद्याचा फोटो घ्या. मजकूर सरकवता येत असेल तर शेवटपर्यंत सरकवून प्रत्येक भागाचा फोटो घ्या. अटींची तारीख किंवा आवृत्ती दिसत असेल तर ती स्पष्ट यायला हवी. फोनमधल्या फोटोला दिवस आणि वेळ आपोआप लागते, आणि पुढे दिवस मोजताना तीच उपयोगी पडते. बटण आधीच दाबलं गेलं असेल तर कुणी, कधी दाबलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा. मी स्वतःलाच एक ईमेल पाठवला: आज संध्याकाळी साधारण सातला, माझ्या आईने, मला न विचारता, दुसरा पर्याय दिसत नसल्यामुळे ओके दाबलं. खातं माझ्या नावावर आहे. तुमच्या खात्यावरून कुणीही केलेलं तुम्हीच केलं असं धरलं जाईल, असं कंपन्या अटींमध्ये लिहितात. तरी घडलं ते नोंदवून ठेवलेलं बरं.

वस्तू नवी असेल आणि दुकानाची परतीची मुदत चालू असेल, तर परत करणं हा सगळ्यात सोपा आणि स्वच्छ मार्ग आहे. परत करताना कारण विचारलं तर खरं तेच सांगा.

हे फक्त छोट्या कंपन्या करतात असा गैरसमज नको. २०२४ च्या वसंतात रोकूचे टीव्ही आणि स्टिक वापरणाऱ्या ग्राहकांच्या पडद्यावर अशीच पाटी आली होती. मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, आणि नकार कळवायचा तर कंपनीला टपालाने पत्र पाठवावं लागत होतं. त्यावर पुष्कळ ओरड झाली.

खोक्यातला कागद आणि पडद्यावरचं बटण यांत फरक आहे

हा फरक मला आधी ठाऊक नव्हता, आणि तो फार महत्त्वाचा आहे.

१९९७ साली गेटवे २००० या कंपनीच्या संगणकाबद्दल सातव्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांच्या एका गटाच्या, फेडरल अपील न्यायालयाने निकाल दिला होता. खोक्यात अटींचा कागद होता, ३० दिवसांत संगणक परत करायची मुभा होती आणि ग्राहकाने तो ठेवून घेतला. ठेवून घेतला म्हणजे लवादाच्या कलमासकट अटी मान्य केल्या, असं कोर्टाने धरलं. त्यानंतर बराच काळ खोक्यातल्या कागदाचा असा दरारा होता.

मग २०१७ मध्ये नवव्या सर्किटसमोर सॅमसंगचा खटला आला. ग्राहकाने सॅन फ्रान्सिस्कोमध्ये गॅलॅक्सी एस-४ घेतला होता. खोक्यात १०१ पानांची पुस्तिका होती, तिच्यावर सुरक्षितता आणि वॉरंटीची माहिती असं लिहिलं होतं, आणि लवादाचं कलम तिच्या आतल्या पानांत होतं. कंपनीचं म्हणणं, त्याने ३० दिवसांत नकार कळवला नाही, म्हणजे त्याला मान्य होतं. कोर्टाने कॅलिफोर्नियाच्या कायद्यावर बोट ठेवलं: गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे. वॉरंटीची पुस्तिका उघडणाऱ्या माणसाला आत कोर्टाचा हक्क सोडून देणारा करार असेल, असं वाटायचं कारण नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की कलम फक्त खोक्यातल्या कागदावर असेल आणि तुम्ही कुठेही ‘मान्य’ म्हटलं नसेल, तर तुमची बाजू बरीच भक्कम असू शकते. कुठल्या राज्यात राहता यावर ते ठरतं. यंत्र सुरू करताना पडद्यावर बटण दाबलं असेल, खातं उघडताना चौकोनात खूण केली असेल, तर मात्र कोर्टं ती संमती सहसा ग्राह्य धरतात. म्हणून खोकं टाकून देऊ नका. पुस्तिका, पावती आणि खोक्यावरच्या अनुक्रमांकाचा फोटो एका पाकिटात घाला.

कलम शोधणं

अटी कंपनीच्या साइटवर असतात. संगणकावर उघडा आणि ताबडतोब पीडीएफ करून ठेवा, कारण साइटवरचा मजकूर कंपनी कधीही बदलते. मग पानात शोधायचे शब्द: आर्बिट्रेशन, डिस्प्यूट रिझोल्यूशन, क्लास अ‍ॅक्शन, ऑप्ट-आऊट (नकार कळवून बाहेर पडणं), स्मॉल क्लेम्स (छोट्या रकमेचे दावे). हे सगळे शब्द इंग्रजी स्पेलिंगने शोधायचे, हे सांगायला नको. ‘ऑप्ट-आऊट’ सापडला नाही तर ‘रिजेक्ट’ शोधा, काही अटींमध्ये तो शब्द असतो.

कलम सापडलं की कागद-पेन घेऊन बसा. मुदत किती, हे पहिलं. बऱ्याच ठिकाणी ती ३० दिवसांची असते. पण त्याहून महत्त्वाचं, दिवस कधीपासून मोजायचे? काही कंपन्या खरेदीच्या तारखेपासून मोजतात, काही पहिल्या वापरापासून, काही अटी मान्य केल्यापासून. यंत्र भेट म्हणून आलं असेल आणि महिनाभर कपाटात पडलं असेल, तर खरेदीपासून मोजणाऱ्या कंपनीच्या हिशेबाने मुदत खोकं उघडायच्या आधीच संपलेली असू शकते. दुसरं, पत्र त्या तारखेपर्यंत टपालात टाकलं तर पुरे, की त्या तारखेपर्यंत पोचलं पाहिजे? शंका असेल तर पोचलंच पाहिजे असं धरून चाला.

नकार कळवायचा कसा, तेही नीट बघा. काही जण ईमेल घेतात, काहींचा फॉर्म असतो, काहींना फक्त कागदी पत्र चालतं. जो मार्ग लिहिला आहे त्याच मार्गाने जा. ग्राहक सेवेच्या चॅटवर "मला मान्य नाही" असं लिहून भागत नाही. चॅटवरचा माणूस कितीही गोड बोलला तरी.

आता एक खड्डा दाखवते, कारण मी त्यात पडता पडता वाचले. अनेक अटींमध्ये असं लिहिलेलं असतं की नवे बदल नाकारले तर जुन्या अटी लागू राहतील. जुन्या अटींतही लवादाचं कलम होतं आणि ते तेव्हा नाकारलं नव्हतं, तर या पत्राने तुम्ही कोर्टात जायला मोकळे होत नाही, फक्त जुन्या लवादाकडे परत जाता. तरीही पत्र पाठवाच, कारण नवं कलम जुन्यापेक्षा बहुधा जास्त जाचक असतं. पण आपल्या हातात नेमकं काय आलं, ते माहीत असावं.

पत्र

पत्र इंग्रजीतच लिहायचं. छोटं, साधं. त्यात काय हवं ते सांगते.

वर तारीख, तुमचं पूर्ण नाव, पत्ता, फोन, आणि खात्याला जोडलेला ईमेल. खाली अटींमध्ये दिलेला पत्ता, अगदी तिथे लिहिला आहे तसा. विषयात ‘लवादाच्या कलमाला नकार’ असं स्वच्छ लिहा. मग पहिलंच वाक्य: अमुक तारखेच्या अटींमधलं वाद सोडवण्याबाबतचं अमुक कलम, त्यातला सक्तीचा लवाद आणि सामूहिक दाव्यावरची बंदी मला मान्य नाही आणि मी ती नाकारते. ‘विनंती करते’ असं लिहू नका. मुदतीच्या आत नाकारणं हा त्या अटींनीच दिलेला अधिकार आहे, त्यात विनवणी कसली?

त्यानंतर यंत्रांची यादी: मॉडेल, अनुक्रमांक, खरेदीची तारीख, दुकान. घरात त्या कंपनीची तीन यंत्रं असतील तर तिन्ही लिहा. नकार खात्याला लागू होतो की यंत्राला, हे अटींत संदिग्ध असेल तर "माझ्या खात्यावरची सगळी यंत्रं, आणि विशेषतः ही" असं लिहा. पावतीची प्रत मागितली असेल तर जोडा. नवऱ्याचं किंवा बायकोचं वेगळं खातं असेल तर त्यांचं वेगळं पत्र, त्यांच्याच सहीने. एका पत्रावर दोघांच्या सह्या चालतील का, या प्रश्नात पडूच नका.

मी आणखी एक परिच्छेद घातला: यंत्र वापरायला दुसरा कुठलाही पर्याय नव्हता, बटण माझ्याकडे आलेल्या पाहुण्या व्यक्तीने माझ्या परवानगीविना दाबलं, आणि यापुढे यंत्र वापरत राहणं ही या कलमाला संमती समजू नये. त्याने कायदेशीर फरक पडेलच असं नाही. पण जे घडलं ते माझ्या शब्दांत, तारखेसह त्यांच्या दफ्तरी गेलं. तुमच्या बाबतीत घडलं नसेल ते मात्र लिहू नका.

खाली सही. पेनने. मग सही केलेल्या पत्राचा फोटो किंवा स्कॅन.

पाठवायचं ते टपाल खात्याच्या सर्टिफाइड मेलने, रिटर्न रिसीटसह. खिडकीवर दोन गोष्टी भरून द्याव्या लागतात, एक बारकोड असलेली चिठ्ठी आणि एक हिरवं कार्ड. हिरव्या कार्डाच्या एका बाजूला तुमचा स्वतःचा पत्ता येतो, दुसऱ्या बाजूला त्यांचा. ते पाकिटाच्या मागे चिकटवतात, समोरचा माणूस पत्र घेताना त्यावर सही करतो आणि कार्ड तुमच्याकडे परत येतं. माझं कार्ड नवव्या दिवशी आलं, कोपरा दुमडलेला, शिक्का अर्धवट उमटलेला, सही न वाचता येण्यासारखी. पण तारीख स्पष्ट होती, आणि मला तीच हवी होती. बारकोडच्या चिठ्ठीवरचा क्रमांक पत्रावरही लिहा, म्हणजे कुठल्या पाकिटात कुठलं पत्र होतं याचा घोळ होत नाही.

ईमेल चालत असेल तर यातलं काही लागत नाही, पण पाठवलेल्या मेलची पीडीएफ ठेवा आणि स्वतःला सीसी करा.

३० दिवस उलटून गेले असतील तर

इथे बहुतेक लोक हात टेकतात, आणि मला त्यांना हलवून सांगावंसं वाटतं की स्मॉल क्लेम्स कोर्ट अजून उघडं आहे.

बहुतेक कंपन्यांच्या अटींतच लिहिलेलं असतं की छोट्या रकमेचे दावे स्मॉल क्लेम्स कोर्टात नेता येतील. हा त्यांचा उदारपणा नाही. अमेरिकन आर्बिट्रेशन असोसिएशन आणि जॅम्स या दोन मोठ्या लवाद संस्थांच्या ग्राहकविषयक नियमांत तशी अट आहे. रकमेची मर्यादा राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात एका व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत दावा करता येतो, टेक्सासात २०,०००, इलिनॉयमध्ये १०,०००, न्यू जर्सीत ५,०००, केंटकीत फक्त २,५००. टीव्ही, फोन, फ्रीज, व्हॅक्यूम, कुठलंही घरगुती यंत्र यात बसतं. कॅलिफोर्नियात दावा दाखल करायची फी ३० ते ७५ डॉलर आहे आणि सुनावणीला वकील उभा करता येत नाही, कंपनीलाही नाही. तिला आपला कर्मचारी पाठवावा लागतो. एका यंत्राच्या किमतीसाठी माणूस पाठवण्यापेक्षा पैसे देऊन मोकळं होणं कंपनीला स्वस्त पडू शकतं, हे लक्षात ठेवा.

क्रम असा. आधी कंपनीला लेखी तक्रार. ‘नोटीस ऑफ डिस्प्यूट’ आधी द्यावी लागेल आणि ठरावीक दिवस थांबावं लागेल, असं अटींमध्ये बहुधा असतं, हे दिवस ३० किंवा ६० असू शकतात. ती पायरी वगळू नका, नाहीतर समोरचा पहिल्याच दिवशी तेच कारण पुढे करेल. नोटिशीत काय बिघडलं, कधी बिघडलं, किती पैसे हवेत, त्याचा हिशेब काय, एवढंच. राग नोटिशीत नको. तो माझ्याकडेही भरपूर होता, मी वेगळ्या कागदावर लिहून काढला.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर तुमच्या काउंटीच्या कोर्टाच्या साइटवरून फॉर्म घ्या. इथे कंपनीचं अचूक कायदेशीर नाव लागतं. खोक्यावरचं ब्रँडचं नाव नव्हे, अटींच्या पहिल्या परिच्छेदात असलेलं नाव. आणि नोटीस कुणाला बजावायची? कंपनी ज्या राज्यात नोंदलेली असते तिथे तिला सहसा ‘रजिस्टर्ड एजंट’, म्हणजे तिच्या वतीने नोटीस स्वीकारणारा, नेमावा लागतो, त्याचं नाव-पत्ता राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाच्या) साइटवर कंपनीच्या नावाने शोधलं की मिळतं. सुनावणीला दोन प्रतींत कागद न्या: पावती, बिघाडाचे फोटो, पत्रव्यवहार तारखेच्या क्रमाने. न्यायाधीशांसमोर तुम्हाला बोलायला काही मिनिटंच मिळतात. पहिलं वाक्य रकमेचं ठेवा.

वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली असेल तर त्याआधी कार्ड कंपनीकडेही वाद नोंदवता येतो. बिलातल्या चुकीसाठी ती चूक ज्या स्टेटमेंटमध्ये पहिल्यांदा आली, त्यापासून ६० दिवसांत लेखी कळवावं लागतं. हा वेगळा मार्ग आहे आणि लवादाच्या कलमाचा त्याच्याशी संबंध नाही.

लवादाकडेच जायची वेळ आली तर

मग नीट तयारीने जा. कलमात कुठल्या संस्थेचं नाव आहे ते पाहा आणि तिच्या साइटवरचा ग्राहकांसाठीचा अर्ज भरा. ग्राहकाचा वाटा साधारण दोनशे-अडीचशे डॉलरच्या आत असतो (जॅम्समध्ये तो २५० च्या वर जात नाही) आणि बाकीचं कंपनीने भरायचं असतं. उत्पन्न कमी असेल तर फी माफीबद्दल विचारा. छोट्या रकमेचं प्रकरण नुसत्या कागदपत्रांवर किंवा फोनवर निकाली निघू शकतं, लांब कुठे जावं लागत नाही. आणि कंपनीने तिचा वाटा भरलाच नाही, तर संस्था प्रकरण चालवायला नकार देऊ शकते. तेव्हा कोर्टाचा रस्ता परत खुला होतो. त्यामुळे कंपनीने फी कधी भरायची होती ती तारीख लिहून ठेवा.

निकाल तुमच्या बाजूने लागला आणि पैसे आले नाहीत, तर एका वर्षाच्या आत कोर्टात जाऊन त्या निकालावर शिक्कामोर्तब करून घ्यायचं, म्हणजे तो कोर्टाच्या हुकमासारखा वसूल करता येतो.

कंपन्यांवर हे कलम उलटलं, त्याचीही उदाहरणं आहेत, आणि ती मला धीर देतात. प्रत्येकाने एकट्यानेच यायचं, असं कंपन्यांनी लिहून ठेवलं होतं. मग हजारो लोक खरंच एकेकटे आले. डोअरडॅशच्या ५,०१० डिलिव्हरी कामगारांनी वेगवेगळे अर्ज केले, कंपनी प्रत्येक अर्जाची फी भरायला कां कूं करू लागली, तेव्हा २०२० मध्ये न्यायाधीश विल्यम अलसप यांनी सांगितलं की करार तुम्हीच लिहिला आहे, आता लवादाकडे जा. अ‍ॅमेझॉनच्या एको स्पीकरच्या ग्राहकांनी, यंत्र आपलं बोलणं रेकॉर्ड करतं या तक्रारीवरून, सुमारे ७५,००० अर्ज केले. २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या अटींतून लवादाचं कलमच काढून टाकलं. २०२४ च्या सप्टेंबरात संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीमच्या मागे असलेल्या व्हॉल्व कंपनीनेही तेच केलं. आता नव्या अटींमध्ये कंपन्या असे अर्ज गटागटाने, ओळीने चालवायची कलमं घालू लागल्या आहेत. म्हणून एखाद्या वकिली फर्मची ‘यात सामील व्हा’ अशी जाहिरात दिसली, तर आधी तिच्याशी होणारा करार वाचा: वाटा किती टक्के, मध्येच बाहेर पडता येतं का, तुमच्या वतीने तडजोड कोण ठरवणार.

कुणाकडे तक्रार नोंदवायची

हे थोडक्यात. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या साइटवर आणि तुमच्या राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे (मुख्य सरकारी वकिलाकडे) तक्रार करा, फोटो जोडा. तुमचे पैसे ते मिळवून देतीलच असं नाही. तरीही करायची, कारण सरकारी यंत्रणा तुमच्या लवादाच्या कलमाला बांधलेली नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ‘वॉफल हाउस’च्या खटल्यात हे स्पष्ट केलं: करार माणसाने केला आहे, सरकारी संस्थेने नव्हे. तुम्ही नाकारायचं विसरलात तरी अ‍ॅटर्नी जनरल कंपनीला कोर्टात खेचू शकतात.

आणि तुमच्या खासदारालाही लिहा. ग्राहक आणि कामगारांवरचा सक्तीचा लवाद बंद करणारं ‘फेअर अ‍ॅक्ट’ विधेयक हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जमध्ये २०१९ आणि २०२२ अशा दोन्ही वेळा मंजूर झालं, सेनेटमध्ये अडलं. २०२२ मध्ये लैंगिक छळ आणि अत्याचाराच्या प्रकरणांपुरती ही सक्ती उठवणारा कायदा मात्र झाला. म्हणजे ठरवलं तर बदल करता येतो. युरोपीय संघाने १९९३ च्या निर्देशातच ग्राहकाला लवादाला जुंपणाऱ्या अटी अन्यायकारक ठरू शकणाऱ्या अटींच्या यादीत टाकल्या. कॅनडात क्वेबेक आणि ओंटारियोचे ग्राहक कायदे अशी सक्ती मानत नाहीत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग’ प्रकरणात म्हटलं की करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक मंचाचा दरवाजा बंद होत नाही. इथल्या नातेवाइकांना हे सांगितलं की ते चकित होतात, कारण आपल्याकडे हक्क कमी आणि इथे जास्त, असं आपण धरून चाललेलो असतो.

घरातली इतर खाती विसरू नका

यंत्राचं कलम यंत्रापुरतं असतं, असं मला वाटायचं. २०२४ मध्ये फ्लोरिडातलं प्रकरण वाचलं आणि तो समज गेला. अ‍ॅलर्जीची कल्पना देऊनही डिस्नी स्प्रिंग्जमधल्या रेस्टॉरंटात दिलेल्या जेवणामुळे पत्नीचा मृत्यू झाला, असा एका माणसाचा दावा होता. डिस्नीच्या वकिलांनी कोर्टात म्हटलं की त्याने २०१९ मध्ये डिस्नी प्लसची चाचणी सदस्यता घेताना लवाद मान्य केला होता. लोक संतापले आणि त्या ऑगस्टमध्ये कंपनीने तो मुद्दा मागे घेतला. पण मुद्दा मांडला गेला होता. म्हणून आपल्या अटींत "आमच्याशी आणि आमच्या संलग्न कंपन्यांशी असलेला कुठलाही वाद" असे शब्द आहेत का, ते जरूर बघा. इजा, आग, मृत्यू, मोठं नुकसान असं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट वकिलाकडे जा. अशा दाव्यांत अनेक वकील पैसे मिळाल्यावरच आपला वाटा घेतात, आणि पहिली भेट बऱ्याचदा विनामूल्य असते.

आमच्या घरात आता कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. यंत्राचं नाव, घेतल्याची तारीख, अटी मान्य केल्याची तारीख, नकाराची शेवटची तारीख, पत्राचा टपाल क्रमांक. नवं यंत्र आलं की ते लावायच्या आधी त्या कागदावर ओळ भरली जाते, आणि मुदतीच्या दहा दिवस आधी फोनमध्ये गजर लागतो. अटी बदलल्याचा ईमेल आला तरी नवी ओळ, कारण बदललेल्या अटींचे दिवस नव्याने मोजायचे असतात आणि जुनं पत्र पुरेल याची खात्री नसते. आईच्या त्या संध्याकाळनंतर त्याच कंपनीने आणखी एकदा अटी बदलल्या. दुसरं पत्र मी चौथ्या दिवशी टाकलं. त्याचं हिरवं कार्ड पहिल्याच्या मागे टाचून ठेवलं आहे.